चिलटाची नोंदवही



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, ते हवाई दलात आर्मरर होते. विमानाच्या तोफा साफ करायच्या, गोळ्यांचे पट्टे भरायचे आणि विमान परतलं की उरलेले गोळे मोजायचे, हे त्यांचं काम. आपण सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या ओटीवर बसून मी जे ऐकलं, त्यातूनच आजचा विषय आला आहे. विषय आहे नॅट हे लढाऊ विमान आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत ते उडवणारे वैमानिक.

एक प्रसंग आधी सांगतो. काकू शेवग्याच्या शेंगा चिरत बसल्या होत्या. काकांनी त्यातले वीतभर लांबीचे तुकडे उचलले आणि चटईवर एकाला एक लावून मांडले. "तीस मिलिमीटरचा गोळा एवढाच असतो. नॅटला दोन तोफा. प्रत्येक तोफेला ११५ गोळे. ते एकमेकांत असे अडकवलेले." मग मधला एकच तुकडा त्यांनी बोटाने थोडा तिरका केला. "आता तोफ बंद. वर पायलट घोडा दाबतोय आणि काही होत नाहीये." पुढे ते बोलले नाहीत. तो तुकडा मात्र पुन्हा सरळ करून ठेवला.

काकांची दुसरी आठवण नोंदवहीची. हवाई दलात प्रत्येक विमानाची स्वतंत्र नोंदवही असते, फॉर्म ७०० म्हणतात तिला. विमान उडण्याआधी इंजिनवाल्याने, विजेवाल्याने, तोफावाल्याने आपापलं काम तपासून सही करायची आणि मग वैमानिकाने विमान ताब्यात घेतल्याची सही करायची. उतरल्यावर जे जे बिघडलेलं दिसलं ते त्यानेच लिहायचं. काका म्हणायचे, त्या वहीत बढाई चालत नाही आणि लपवालपवीही चालत नाही, कारण उद्या त्याच विमानात दुसऱ्याचा मुलगा बसणार असतो. युद्धातल्या वैमानिकांविषयी बोलताना मला ही वही समोर ठेवायची आहे. आपल्याकडे शूरांच्या गोष्टी सांगताना अडचणीचं ते गाळायची सवय लागली आहे. त्याने शूरांचा मान वाढतो असं आपल्याला वाटतं. मला तसं वाटत नाही.

नॅट या शब्दाचा अर्थ चिलट. ब्रिटनमध्ये फॉलंड नावाची कंपनी होती आणि टेडी पेटर हे तिथले मुख्य रचनाकार. कॅनबेरा या नामांकित बॉम्बर विमानाचा आराखडाही त्यांचाच. १९५० च्या सुमारास जेट लढाऊ विमानं दरवर्षी जड आणि महाग होत चालली होती. पेटर यांना ते पटेना. छोटं, हलकं, स्वस्त विमान मोठ्यांच्या तोडीस तोड लढू शकेल, हा ध्यास त्यांनी घेतला. त्यांचं पहिलं नमुना विमान ११ ऑगस्ट १९५४ ला उडालं. त्याचं नाव मिज, म्हणजे आपल्याकडचं घुंगुरटं. त्याहून ताकदवान ऑर्फियस इंजिन बसवलेलं नॅट १८ जुलै १९५५ ला उडालं. ब्रिटिश हवाई दलाने लढाऊ विमान म्हणून ते घेतलंच नाही. पुढे त्याचं दोन आसनी रूप शिकाऊ वैमानिकांसाठी घेतलं आणि रेड ॲरोज या कसरतपथकाने ते अनेक वर्षं उडवलं. फिनलंडने १३ घेतली. भारताने मात्र १९५६ मध्ये उत्पादनाचा परवानाच घेतला आणि बंगळूरला हिंदुस्थानच्या कारखान्यात नॅट तयार होऊ लागलं. पेटर यांच्याबद्दल एक गोष्ट मला फार हलवून जाते. १९५९ मध्ये फॉलंड कंपनी मोठ्या कंपनीत विलीन झाली, तसं त्यांनी विमानाचं क्षेत्रच सोडलं आणि स्वित्झर्लंडमध्ये एका धार्मिक समुदायात जाऊन राहिले. ज्याने चिलट घडवलं, त्याने पुन्हा विमानाकडे वळून पाहिलं नाही.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात मी नॅटपाशी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आधी वाटलं ते हेच की, एवढंसं? उंची ८ फुटांच्या जेमतेम वर. लांबी २९ फुटांच्या आत. पंखांचा विस्तार २२ फूट. हात वर केला की पंखाला टेकतो. जमिनीवरच्या माणसांना बहुतेक कामं शिडीशिवाय करता यायची. नॅटचे वैमानिक म्हणत, या विमानात आपण बसत नाही, ते अंगात घालतो. कॉकपिट पाहिल्यावर ते पटतं, खांदे दोन्ही बाजूंना घासतील इतकीच जागा. हवा आत घेणारी दोन तोंडं दोन्ही कुशींना आहेत आणि त्यांच्याच भिंतीत एकेक तोफ बसवलेली. वजन कमी ठेवण्यासाठी पेटर यांनी इतकी काटकसर केली की हवेत वेग कमी करण्यासाठी वेगळी झडप न देता चाकंच अर्धवट खाली सोडायची सोय ठेवली.

काटकसरीची किंमतही होतीच. शेपटीचा आडवा पंख अख्खाच्या अख्खा हलायचा आणि त्याची यंत्रणा दगा दिली की नाक एकदम वर नाहीतर खाली जायचं. त्यात शांततेच्या काळातही माणसं गेली. तोफा अडकण्याची तक्रार तर कायमची. टाकी लहान, त्यामुळे इंधनाचा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागे. ही दुखणी सगळी माहीत असलेली तरुण मुलं, विशी-पंचविशीतली, रोज सकाळी त्या वहीवर सही करून हे विमान अंगात घालत होती. शौर्य म्हणतात ते मला आधी इथे दिसतं.

समोर कोण होतं तेही सांगायला हवं. पाकिस्तानच्या हवाई दलाचा कणा म्हणजे अमेरिकन सेबर. कोरियाच्या युद्धात नाव कमावलेलं, सहा मशीनगनचं, भरल्या वजनाने सुमारे ७ टनांचं विमान. नॅट ४ टनांच्या आसपास. काही सेबरवर उष्णतेचा माग काढणारी साइडवाइंडर क्षेपणास्त्रंही होती. नॅटकडे फक्त त्या दोन तोफा आणि वर चढण्याचा, झटकन वळण्याचा वेग. आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने होती, ती म्हणजे लहानपण. आकाशात ते दिसायचंच नाही.

१ सप्टेंबर १९६५ ला पहाटे पाकिस्तानी रणगाडे जम्मूजवळ छांबवर चालून आले. दुपारपर्यंत आपली फळी मागे रेटली जात होती. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या पराभवानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, ते यशवंतराव. लष्करप्रमुख आणि हवाई दल प्रमुख अर्जन सिंग त्यांच्यासमोर बसले होते आणि हवाई दल वापरायची परवानगी मागत होते. १९६२ मध्ये लढाऊ विमानं वापरलीच नव्हती. आता वापरली तर लढाई कुठपर्यंत जाईल याचा नेम नव्हता. यशवंतरावांनी तो निर्णय काही मिनिटांत घेतला. ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून पहिली विमानं उडाली.

ती संध्याकाळ मात्र वाईट गेली. जुनी, मंद व्हॅम्पायर विमानं पुढे पाठवली होती, त्यांतली चार परतली नाहीत. मावळत्या उजेडात, धुरळ्यात कोण आपला कोण परका ते वरून उमगेना आणि काही मारा आपल्याच २० लान्सर्स आणि ३ महार या तुकड्यांवर झाला. महार रेजिमेंटमध्ये या मातीतले किती जवान होते हे या सभागृहाला सांगायला नको. म्हणूनच हे इथे सांगणं मला भाग वाटतं. यशवंतरावांचा निर्णय योग्य होता आणि त्या संध्याकाळी आपल्या हातून चूकही झाली. वहीत दोन्ही यायला हवं.

मग २३ नंबरच्या स्क्वाड्रनची नॅट पठाणकोटला आणली गेली. ३ सप्टेंबरच्या सकाळचा डाव साधा आणि धाडसी होता. काही मिस्टेअर विमानं मुद्दाम उंचावरून, रडारला दिसतील अशी न्यायची. ती पाहून सेबर वर येतील. मिस्टेअरनी वळून परत फिरायचं आणि झाडांच्या शेंड्यांवरून, रडारच्या नजरेखालून आलेल्या नॅटनी एकदम वर चढायचं. स्क्वाड्रन लीडर जॉनी ग्रीन नेतृत्वाला होते. सेबर आली, एक स्टारफायटर जेटही आलं. त्या झटापटीत स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी एका सेबरला गाठलं, गोळे बसले, ते खाली जाताना दिसलं. देशभर बातमी गेली की नॅटने सेबर पाडलं. कीलर यांना वीरचक्र मिळालं. पुढे नॅटला 'सेबर स्लेयर' हे नावच पडलं.

आता वहीची दुसरी बाजू. ते सेबर पडलं नव्हतं. त्याचे वैमानिक युसुफ अली खान यांनी शेपूट फाटलेल्या अवस्थेत ते पाकिस्तानातल्या सरगोध्याला नेऊन उतरवलं. आपल्या अभ्यासकांनीही हे मान्य केलं आहे. हे ऐकून कुणाला वाईट वाटलं, तर त्यांनी कीलर यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावं. दोन दिवसांपूर्वी चार साथीदार विमानं गेलेली. अडकणाऱ्या तोफा. समोर सगळ्यांनी अजिंक्य मानलेलं विमान. त्याच्या मागे जाऊन, जवळ भिडून त्याला जबर घाव घातला. ते कोसळलं की लंगडत घरी पोचलं, हे शेवटी धातूच्या ताकदीवर आणि युसुफ यांच्या हातावर ठरलं. कीलर यांनी जे करायचं ते तसूभरही कमी केलं नव्हतं. पठाणकोटच्या धावपट्टीवर त्या सकाळी जो धीर परत आला तोही खराच होता. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, फ्लाइट लेफ्टनंट पठानिया यांनी सेबर पाडलं.

त्याच ३ सप्टेंबरला आणखी एक गोष्ट घडली, जी आपल्याकडे हळू आवाजात सांगितली जाते. स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद झटापटीत एकटे पडले. खाली एक धावपट्टी दिसली, आपलीच समजून ते उतरले. ती पाकिस्तानातली पसरूर होती. आपल्या एका स्टारफायटरने त्यांना धाक घालून उतरवलं असं तिकडे सांगतात, तर इकडे इंधन आणि यंत्रं बंद पडल्याचं कारण सांगितलं जातं. ते विमान पुढे साद हातमी यांनी उडवत सरगोध्याला नेलं. ते पाकिस्तानी वैमानिक, पण नॅट त्यांनी आधी ब्रिटनमध्ये उडवलेलं होतं. आज ते नॅट कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. सिकंद युद्धकैदी झाले. शत्रूच्या हाती अख्खं विमान देऊन बसलेला अधिकारी, त्याचं पुढे काय झालं असेल असं वाटतं? ते थोड्या वेळाने सांगतो.

१९ सप्टेंबरला पाकिस्तानातल्या चाविंडाच्या आकाशात ट्रेव्हर यांचे भाऊ डेन्झिल कीलर आणि त्यांचे साथीदार सेबरशी भिडले. लखनौचे हे दोघे भाऊ. डेन्झिल यांनाही वीरचक्र मिळालं. एकाच युद्धात एकाच प्रकारच्या कामगिरीसाठी दोघा सख्ख्या भावांना वीरचक्र, हे घराघरांत पोचलं. त्याच झटापटीत त्यांचे साथीदार मायदेव यांचं नॅट पडलं आणि ते कैद झाले, हे तेवढं पोचलं नाही, जरी मायदेव हे आडनाव आपल्या कानाला घरचं आहे. त्यांना पाडणारे वैमानिक होते सैफुल आझम. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. पूर्व बंगालचा हा माणूस. १९६७ मध्ये जॉर्डन आणि इराकच्या बाजूने लढताना त्याने इस्राएलची विमानं पाडली. १९७१ नंतर तो बांगलादेशाच्या हवाई दलात गेला, म्हणजे ज्या देशाच्या जन्मासाठी नॅट लढली, त्याच देशाचा अधिकारी झाला. इतकं वाकडंतिकडं आयुष्य आपल्याला 'शत्रू' या एका शब्दात मावत नाही.

१९७१ कडे येऊ. नोव्हेंबरमध्ये युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, पण पूर्व सीमेवर बोयऱ्याच्या टापूत लढाई पेटलेली होती आणि ढाक्याहून येणारी सेबर आपल्या सैन्यावर आणि बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीवर मारा करत होती. २२ नंबरच्या स्क्वाड्रनची नॅट कोलकात्याला दमदमवर सज्ज होती. २२ नोव्हेंबरला सकाळपासून सेबर येत होती आणि नॅट पोचेपर्यंत निघून जात होती. दुपारी पुन्हा रडारवर ठिपके दिसले. तीन मिनिटांच्या आत चार नॅट हवेत होती. रॉय मॅसी, सुनीत सोआरीस, गणपती आणि डोनाल्ड लाझरस. रडारवरून वाट दाखवणारे फ्लाइंग ऑफिसर बागची. ही सगळी लढाई जेमतेम काही मिनिटांची. सेबर पुन्हा खाली सूर मारण्याच्या तयारीत असताना नॅट त्यांच्या मागे पोचली. गणपती आणि लाझरस यांनी एकेक सेबर अगदी जवळून पाडलं. दोन्ही वैमानिक छत्रीने खाली उतरले.

मॅसी यांनी तिसऱ्यावर गोळ्या झाडल्या आणि तेवढ्यात त्यांची एक तोफ अडकली. त्यांनी उरलेल्या तोफेने ते सेबर जायबंदी केलं, पण ते ढाक्याला परतलं. काकांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी विजयाबद्दल काहीच विचारलं नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "मॅसीसाहेबांच्या विमानाचा पट्टा कुणी भरला असेल रे? त्याला त्या रात्री झोप नसेल लागली." सगळा देश जल्लोषात असताना दमदमच्या कुठल्याशा तंबूत एक माणूस आपल्या बोटांकडे बघत बसला असेल, हे मला काकांनी दाखवलं. दोष त्याचा होताच असं नाही, नॅटच्या तोफा तशाही अडकत. पण त्याने शंभर वेळा मनात पट्टा पुन्हा भरला असणार.

या २२ नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख कोण होते? विंग कमांडर ब्रिजपाल सिंग सिकंद. सहा वर्षांपूर्वी पसरूरला उतरलेले तेच. हवाई दलाने त्यांना दूर कुठे अडगळीत टाकलं नाही. ज्या विमानात त्यांच्याकडून चूक झाली, त्याच विमानांची स्क्वाड्रन त्यांच्या हाती दिली. त्या गोष्टीबद्दल मला आपल्या हवाई दलाचा जितका अभिमान वाटतो, तितका कुठल्या आकड्याबद्दल वाटत नाही. पसरूर लपवलं असतं तर बोयऱ्याचा अर्थ आपल्याला कळलाच नसता.

छत्रीने उतरलेल्यांपैकी एक होते परवेझ मेहदी कुरेशी. खाली आपल्या जवानांनी त्यांना घेरलं आणि मारायला सुरुवात केली, कारण त्यांच्या साथीदारांवर त्याच विमानांनी मारा केला होता. ४ सिख पलटणीचे कॅप्टन पनाग धावत गेले आणि त्यांनी आपल्याच माणसांना आवरून कैद्याला वाचवलं. १९९७ मध्ये तेच परवेझ मेहदी पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तेव्हा लाझरस यांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं. पाडणाऱ्याने पडलेल्याला पाठवलेलं पत्र. उत्तर आलं आणि त्यात त्या दिवशी भारतीय वैमानिक ज्या तऱ्हेने लढले त्याचं कौतुक होतं. हा पत्रव्यवहार झाला तेव्हा दोन्ही देशांत एकमेकांबद्दल काय बोललं जात होतं ते आठवा, म्हणजे त्या दोन पाकिटांचं मोल कळेल.

शेवटी श्रीनगर. जुन्या युद्धबंदी करारामुळे युद्ध सुरू होईपर्यंत तिथे लढाऊ विमानं ठेवता येत नव्हती. त्यामुळे १८ नंबरच्या स्क्वाड्रनचे तरुण वैमानिक तिथे ऐन थंडीत, अनोळखी डोंगरांत आणि विरळ हवेत आले. १४ डिसेंबर १९७१ ला सकाळी पेशावरहून सहा सेबर आली. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों धावपट्टीवर होते. लुधियाना जिल्ह्यातल्या इस्सेवालचे. वडीलही हवाई दलातच होते. लग्नाला काही महिनेच झालेले. त्यांच्या आधी फ्लाइट लेफ्टनंट घुमन यांचं विमान उडालं, त्याच्या धुरळ्यात धावपट्टी दिसेना. तो बसेपर्यंत सेबर डोक्यावर होती आणि बॉम्ब पडत होते. सेखों तशातच उडाले. घुमन आणि त्यांची पुन्हा गाठ पडली नाही. एकट्याने, जमिनीलगत, ते सेबरच्या मागे लागले आणि सेबर त्यांच्या मागे.

मानपत्रात म्हटलं आहे की त्यांनी एका सेबरवर नेम साधला आणि दुसरं पेटवलं. पाकिस्तानच्या नोंदीनुसार त्या दिवशी त्यांचं एकही सेबर गेलं नाही. ज्यांच्या माऱ्याने सेखों पडले ते सलीम बेग मिर्झा यांनी नंतर त्या सकाळबद्दल लिहिलं आणि सेखोंच्या लढण्याचं मोकळ्या मनाने कौतुक केलं. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही साक्ष आकड्यापेक्षा किती मोठी आहे! सहांच्या विरुद्ध एक जण बॉम्बच्या धुरातून वर चढला, एवढं दोन्ही बाजूंना मान्य आहे.

त्यांना परमवीरचक्र मिळालं, हवाई दलातलं आजवरचं एकमेव. त्या पदकावर इंद्राचं वज्र चार वेळा कोरलेलं आहे. आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा, युरोपात जन्मून विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्या झालेल्या. विमानाचे तुकडे पुढे दरीत सापडले. सेखोंचा देह सापडला नाही.

विमान परतलं नाही की काय होतं, ते एकदा काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, वही जमिनीवरच असते. उड्डाणाआधीच्या रकान्यांत सगळ्यांच्या सह्या असतात, इंजिनवाल्याची, विजेवाल्याची, तोफावाल्याची, सगळ्यात खाली पायलटची. उतरल्यानंतरचे रकाने कोरे. मग एक अधिकारी येतो, वही बंद करतो, सील करतो आणि चौकशीसाठी घेऊन जातो. आपण मात्र ट्रॉली घेऊन त्या रिकाम्या जागेवर बराच वेळ उभे असतो, कारण अजून इंधन संपायची वेळ झालेली नसते.